ग्राइंडरचा पट्टा

फेब्रुवारी लागला की माझ्या दुकानात अकरा पोट्टे.
पत्रा कापतात, रिबिटी ठोकतात,
जाळीत वाळा दाबून भरतात,
आणि मे महिन्यात अर्ध्या पाचपावलीला
जी झोप लागते, ती आमच्या हातची.

जूनच्या शेवटी मी हिशेब करतो.
नऊ जणांना म्हणतो, आता पुढच्या साली या.
ते बरं म्हणतात.
बरं म्हणून जातात कुठे,
वीस वर्षं मी विचारलं नाही.

आमच्या गल्लीत सुरे पोळ्याच्या आसपासच का निघतात,
ते ठाण्यातल्या वहीत नाही,
माझ्या वहीत आहे.

एका साली शैलू आला, दिवेलागणीला.
"काका, याले धार मारून द्या ना. नारळ फोडाले."
मी ठिणग्या उडवल्या. दहा रुपये घेतले.
चौथ्या दिवशी मारबत निघाली,
सगळे ओरडत होते, इडा पीडा घेऊन जाय वं,
आणि त्या संध्याकाळी कमाल चौकाच्या अलीकडे
लोकेश हेडाऊ आडवा पडला होता.
एकोणीस वर्षांचा.
दोन सीझन माझ्याकडे पंपाची वायरिंग केलेली.

पंचनाम्यात लिहिलं : धारदार शस्त्र.
धार कोणी लावली,
असा रकाना नसतो पंचनाम्यात.

पुढच्या साली त्याच दिवसांत
लोकेशचा धाकटा आला, निहाल.
ओठावर नुसती लव. दहावीत गणित राहिलेलं.
पिशवीत ट्रकच्या कमानीचं पातं.
बोलला काही नाही. दगडाकडे बघत उभा.

मला शहाणपणाचं काही सुचलं नाही.
म्हणालो, "पट्टा तुटला बाप्पा ग्राइंडरचा.
सकाळी ये, साडेसहाले."
पट्टा धडधाकट होता.
मी फक्त त्याच्या आड सरकून उभा राहिलो.
"अन् हे ठेवून जाय. एवढं वजन कायले नेतं?"

ठेवून गेला.

आता सकाळी याला द्यायचं काय?
ऑगस्टात कूलर कोण घेतो?
रात्री साडेदहाला कुंदाबाई ढोकेंकडे गेलो,
विहारामागच्या खोलीत त्या पोरांना शिकवतात, सतरंजीवर.
म्हटलं, बाकं पाहिजेत?
"पैसे नाहीत, भाऊ."
पैसे पुढच्या साली.
"आणि बसेल कोण?"
म्हटलं, जो करेल तो बसेल.

निहालला पहिल्यांदा फुटपट्टी दिली.
आठ फुटी पत्रा, भागिले तीन.
खडूने पत्र्यावरच मांडला भागाकार, दोनदा पुसला.
पहिलं बाक डुगडुगलं.
त्याच्या पायाखाली अजून पुठ्ठा आहे.

त्याच पावसाळ्यात रंजना पराते आणि तिघी जणी
खांबाखाली खुर्च्या टाकून बसू लागल्या,
दहा ते बारा, लसूण सोलत.
खांबावरचा दिवा दर आठवड्याला कोणीतरी फोडायचा,
त्या दर आठवड्याला नवा लावून घ्यायच्या.
रेंगाळणाऱ्याला एवढंच विचारायच्या,
"कोणाचा रे तू?"
आईचं नाव सांगावं लागलं की
माणूस जरा बोथट होतो.

सगळं थांबलं, असं नाही.
दिवाळीत नाल्यापलीकडे एक झालाच.
त्यातला एक आत आहे, माझ्याच दुकानचा,
जाळी सुंदर बांधायचा.

निहाल गणितात छत्तीस घेऊन सुटला,
आयटीआयला शीट मेटल धरलं.
जूनमध्ये आता मी पाच जण ठेवतो, बाकं, पेट्या, कपाटं.
सहा जणांना सोडावंच लागतं.
त्यांची नावं वेगळ्या पानावर लिहितो
आणि पोळ्याच्या आठवड्यात उगाच एकेकाच्या घरी जाऊन
चहा पितो.

पातं गल्ल्याखाली गंजतंय.
त्यानं मागितलं नाही.
आणि मी त्याला सांगितलं नाही
शैलूच्या नारळाचं.
तो काका म्हणतो, तेव्हा मी पत्रा मोजत बसतो.

दिवे लागल्यावर कोणी पिशवी घेऊन आलं,
तर माझ्या ग्राइंडरचा पट्टा
तुटलेला असतो.